चकतीवरची लाल खूण

जळलेल्या पॉइंटचा वास मला कंपनीच्या टेस्ट रूममध्ये सात वर्षं रोज आला. करपलेल्या बेकेलाइटचा वास त्यात मिसळलेला, त्यावर साहेबांच्या तंबाखूचा, आणि खिडकी कायम बंद. घरी आल्यावर मी आधी केस धुवायचे. थेरगावला आम्ही गावातल्याच एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, पाणी पहाटे भरून ठेवावं लागे, त्यामुळे माझ्या या रोजच्या न्हाण्यावरून नवरा कुरकुरायचा. पण ते केस घेऊन स्वयंपाकाला उभं राहायची मला किळस यायची. अजूनही कुठे एखादा स्विच करपला की मला आधी मळमळतं आणि मग कारण आठवतं. कारण म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा उजवा हात, आणि कागदावरची माझी सही.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. चिंचवडला रिले बनवणारी एक छोटी कंपनी होती. आता ती नाही, आणि नाही याचं मला तिळमात्र वाईट वाटत नाही. रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी वस्तू. आत तारेचं वेटोळं, त्याच्यासमोर लोखंडाची पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला चांदीचे दोन पॉइंट. वेटोळ्यात वीज सोडली की पट्टी ओढली जाते, पॉइंट एकमेकांना टेकतात आणि पलीकडचं यंत्र चालू होतं. वीज काढली की पॉइंट सुटतात, यंत्र थांबतं. चालू काय, कुठलाही टिनपाट रिले करतो. खरी परीक्षा सुटण्याची. सुटताना मध्ये ठिणगी पडते, ठिणगीत चांदी जराशी वितळते. असं हजारो वेळा झालं की दोन्ही पॉइंटांना खाचखळगे पडतात, ते एकमेकांत रुतून बसतात आणि वीज काढली तरी सुटत नाहीत. माणसाने यंत्र थांबवलेलं असतं आणि यंत्राला ते कळलेलंच नसतं.

मी सोलापूरहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन इकडे आले आणि टेस्ट रूममध्ये लागले. तिथे एक मशीन होतं, त्याला सगळे 'लाइफ टेस्ट' म्हणायचे. मोटर, तिच्या दांड्यावर तळहाताएवढी पितळी चकती, चकतीला एक उंचवटा आणि उंचवट्याखाली स्विच. चकतीच्या प्रत्येक फेऱ्याला आठ रिले एकदा चालू होत, एकदा बंद. एक लाख फेरे झाले की मी रिले उघडून भिंगातून पॉइंट बघायचे आणि दाखल्यावर सही करायचे. खाली दोन सह्या असत. साहेबांची सही म्हणजे नुसता नागमोडी फराटा. माझी मात्र स्वच्छ, पूर्ण नावाची, मराठीत. दाखला इंग्रजीत असला तरी सही मी मराठीतच करायचे. तेवढाच माझा ताठा.

साहेब म्हणजे टेस्ट रूमचे प्रमुख. पन्नाशीचे, हुशार, आणि हाताने घाणेरडे. पॉइंटमधली फट मोजायची एक पातळ पोलादी पट्टी असते. साहेब तिने दात कोरायचे. कोरून झालं की ॲप्रनला पुसायचे आणि तीच पट्टी रिलेत घालून फट मोजायचे. मी माझी पट्टी वेगळी, रुमालात गुंडाळून ठेवली होती, तर ते हसून म्हणाले, "बाईंचं सोवळं आहे."

पहिल्या वर्षी खंडेनवमीला आम्ही सगळी मशीनं पुसायला काढली. लाइफ टेस्टचं काम माझ्याकडे आलं. मी चकतीचा स्क्रू ढिला करून ती काढली, रॉकेलने घासली, वंगणाची पुटं काढली. चकतीवर आणि दांड्यावर नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका होता. कुणाचा तरी चाळा असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. चकती परत बसवली, स्क्रू आवळला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मशीन इतकं लखलखीत मी कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्यानंतर चाचणी सुरू केली आणि आठही रिल्यांमधून निळ्या ठिणग्या उडायला लागल्या. खोलीत तो वास भरला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार रिले चिकटून बसले. मला वाटलं, माल खराब आहे. घाबरून साहेबांना बोलावलं. ते आले, पण त्यांनी रिल्यांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ चकतीकडे बघितलं.

"बाई, मुहूर्त चुकवलात तुम्ही."

मला कळेना. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून अंधार केला, मशीन चालवलं, थांबवलं, चकती केसभर फिरवली, परत चालवलं. प्रत्येक वेळी ठिणगी लहान होत गेली. लाल ठिपका लाल ठिपक्यासमोर आला तेव्हा अंधारात फक्त मोहरीएवढा एक प्रकाशाचा कण उरला होता, तोही नीट बघितलं तर दिसणारा. नवे चार रिले लावले. संध्याकाळपर्यंत एकही चिकटला नाही.

मग साहेबांनी मला समजावून सांगितलं, आणि समजावलं उत्तम, ते नाकारण्यात अर्थ नाही. आपली वीज एका दिशेने वाहत नाही, ती लाटेसारखी मागेपुढे होते आणि सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. पॉइंट नेमके त्या शून्याच्या क्षणी सुटले तर ठिणगीला खायला काही मिळतच नाही. आमची मोटर होती विजेच्या घड्याळातल्यासारखी, तिची गती लाटेला बांधलेली. त्यामुळे चकती एकदा जुळवली की लाखाच्या लाख वेळा पॉइंट शून्यावरच सुटणार. रिलेला सुटायला जो वेळ लागतो तोसुद्धा त्यांनी हिशेबात धरला होता. ही जागा शोधायला त्यांना महिनाभर लागला होता म्हणे. कंपनीत सगळे याला 'मुहूर्त लावणं' म्हणायचे, अगदी शिपाईसुद्धा.

मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. कॉलेजात फळ्यावर काढलेली लाट मी डोळ्यांनी बघितली असं वाटलं. आता त्या आनंदाचीसुद्धा मला शिसारी येते. घरी जाताना पवनेच्या पुलावर आल्यावर लक्षात आलं, की बाहेर मुहूर्त कोण लावणार? बटण दाबणारा माणूस लाट बघून बोट उचलत नाही. तो शिखरावर सोडेल, उतारावर सोडेल, कुठेही सोडेल. लाखाची खात्री आम्ही देत होतो ती फक्त त्या एका चकतीपुरती खरी होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, "आपण साधी मोटर लावू या, लाटेला न बांधलेली. म्हणजे पॉइंट कुठेही सुटतील आणि खरं काय ते कळेल."

ते पट्टीने दात कोरत होते. "मग एक रिले पास होणार नाही, बाई."

"पण बाहेर तर..."

"बाहेरचं बाहेरचे बघतील. आपण टेस्ट रूमचे." आणि पट्टी ॲप्रनला पुसली.

मी सह्या करत राहिले.

दीर आमच्याकडेच राहायचे. बार्शीहून आलेले, शाळेत रमले नाहीत पण हाताने कसबी. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ते पॉवर प्रेसवर होते. प्रेस म्हणजे वरून धाडकन खाली येणारा लोखंडी ठोकळा; खाली पत्रा ठेवायचा, ठोकळा आला की नग तयार, हाताने नग काढायचा, परत पत्रा. एके दिवशी जेवताना ते खुशीत होते.

"वहिनी, नवा प्रेस आला. दोन बटनं हायती त्याला, दोन्ही हातानं दाबायची. हात बटनावर आस्ला की आत जायचा प्रश्नच न्हाई. आन् सोडलं की प्रेस वरच थांबतोय. आन् सांगू का, पेटीत रिले तुमच्या कंपनीचा हाय. मी सगळ्यान्ला सांगितलं, आमच्या वहिनी पास करत्यात म्हनून."

मी घास ताटात परत ठेवला. मी म्हटलं, "भावजी, बटण सोडल्यावर लगेच हात घालू नका. मनात दोन मोजा, मग घाला."

ते हसले. "दोन मोजत बसलो तर नग कोन काढायचं वो?"

मी त्यांना सगळं सांगितलं नाही. का नाही, याची बरीच कारणं नंतर माझ्याकडे जमली. तेव्हा एकच होतं, मला नोकरी घालवायची नव्हती. मात्र मनाशी ठरवलं की पुढच्या तपासणीला काहीतरी करायचं. प्रेस बनवणाऱ्या कंपनीचा तपासनीस दर खेपेला स्वतः येऊन चाचणी बघायचा. त्याच्या समोर ठिणग्या उडाल्या तर त्याला कळेल, माल परत जाईल, साहेबांना पॉइंट बदलावे लागतील, जुन्या रिल्यांचीही चौकशी होईल. माझं नाव कुठे येणार नाही. असा तो माझा शहाणपणा.

त्या दिवशी मी लवकर आले आणि चकती खुणेपासून नखभर सरकवून ठेवली. तपासनीस जेवून आला. कंपनीने त्याला मटण खिलवलं होतं, बोटांना रस्सा पिवळा दिसत होता. स्टुलावर बसून त्याने ढेकर दिली. मी मशीन सुरू केलं. आठ निळ्या ठिणग्या, कडकड आवाज, आणि तो वास. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्याने जरा वेळ बघितलं. मग साहेबांकडे वळून हसला.

"बाई आज विसरल्या वाटतं? खुणेवर लावा की."

म्हणजे त्याला माहीत होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. साहेब खो खो हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मला म्हणाले, "लावा हो बाई, मुहूर्त टळतोय." दोघं चहाची वाट बघत गप्पा मारायला लागले. मला त्या दोघांची घाण वाटली. पण स्क्रू ढिला करणारी मी होते. चकती खुणेवर आणून स्क्रू परत आवळणारीही मीच. दाखल्यावर त्याच्या बोटाचा पिवळा डाग पडला, त्याच्या शेजारी मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

पाच-सहा महिन्यांनी दुपारी कंपनीत निरोप आला, घरचं कुणी हॉस्पिटलात आहे एवढाच. मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा नवरा आधीच आलेला होता. दिरांच्या उजव्या हाताला मोठं बँडेज होतं, आणि ते जिथे संपायला हवं त्याच्या बरंच आधी संपत होतं. अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली.

"मी बटन सोडलं हुतं, वहिनी," ते म्हणाले. "दोन्ही हात काढलं हुतं. प्रेस वर थांबला न्हाई. पुन्यांदा आला."

नवऱ्याने त्यांना गप्प राहायला सांगितलं. ते गप्प राहिले नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होते, नर्सला, पाणी देणाऱ्या मावशींना.

वर्कशॉपचं म्हणणं वेगळं होतं. काही कारागीर भराभर नग काढायला एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात आणि दुसऱ्या हाताने कामं उरकतात. यानेही तेच केलं असणार, आमचा प्रेस नवा आहे. पाचर कुणाला सापडली नव्हती, पण म्हणायला काय जातं? आता सगळं त्या रिलेवर येऊन ठेपलं. रिले चिकटलेला निघाला तर माणूस खरं बोलतोय. रिले चांगला निघाला तर माणूस खोटारडा, आणि वर निष्काळजी.

तो रिले आमच्याच टेस्ट रूममध्ये आला, वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत पत्र. साहेबांनी पत्र वाचलं.

"तुमच्याच आडनावाचा दिसतोय कुणी."

"असतात सारखी आडनावं," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मला आधी ते कुणी बोललं ते कळलं नाही.

मी झाकण काढून भिंगाखाली धरलं. एका पॉइंटवर उंचवटा आला होता, दुसऱ्यात तेवढाच खड्डा, आणि उंचवटा खड्ड्यात रुतून बसला होता. रिलेची लोखंडी पट्टी बोटाने ढकलली तरी हलेना. दिरांनी बटण सोडलं होतं. हे त्या वेळी जगात एकट्या मला डोळ्यांनी दिसत होतं.

साहेबांनी रिले माझ्या हातातून घेतला. खिशातली ती दात कोरायची पट्टी काढली, पॉइंटच्या मध्ये घातली आणि ते उचकटले. टक् असा बारीक आवाज झाला. मग बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवला, फुंकर मारली. "उघडतोय की चांगला," म्हणाले. "लावा मुहूर्तावर."

दिवसभर मशीन फिरलं. खोलीत ताजा असा कसला म्हणजे कसलाच वास नव्हता. चकतीच्या प्रत्येक फेऱ्याला पॉइंट टेकत होते आणि सुटत होते, अगदी गुणी मुलासारखे. संध्याकाळी टाइप केलेला अहवाल आला, रिलेत कोणताही दोष नाही. साहेबांनी फराटा मारला. माझा हात थरथरला असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तो थरथरला नाही. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं.

दिरांना कामावरून काढलं. पुढे कित्येक महिने ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बटन सोडलं हुतं. घरमालकीण म्हातारी बिचारी रोज तितक्याच आस्थेने म्हणायची, "व्हय बाबा, सोडलंच आसशील." मी आत भांडी घासत ऐकायचे. भांड्याला राख जरा जास्तच लागायची. नवरा म्हणायचा, आता बास कर, लोक हसतात. मला नवऱ्याचा राग यायचा, लोकांचा यायचा, साहेबांचा, त्या तपासनिसाच्या पिवळ्या बोटांचा यायचा. असा सगळीकडे वाटून टाकला की स्वतःच्या वाट्याला थोडा कमी उरतो.

मग एका रविवारी दुपारी जेवायला बसलो होतो. दिरांना एका हाताने भाकरी मोडता येत नसे, मी कुस्करून द्यायचे. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"वर्कशॉपमदी गेल्तो. त्यान्नी ह्यो दिला, माजा कागुद म्हनून. इंग्रजीत हाय. काय लिवलंय तेवडं सांगा, वहिनी."

मी कागद हातात घेतला नाही. काय लिहिलंय ते मला पाठ होतं. म्हटलं, "रिले चांगला होता, असं लिहिलंय."

"हां." त्यांनी डाव्या हाताने कागद ताटाशेजारी ठेवला आणि खालच्या ओळीवर बोट टेकवलं. "ही तुमची सही न्हवं? मराठीत हाय म्हनून मला वाचता आली."

"हो."

मी वाट बघत राहिले. त्यांनी कागद माझ्या तोंडावर फेकावा, आरडाओरडा करावा, भावाला हाक मारावी, काहीतरी करावं. ते सहीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची कितीतरी महिन्यांची धडपड निवत गेली.

"तुमी सोता तपासलंय म्हनल्यावर मग झालं की," ते म्हणाले. "नसंल सोडलं मी बटन. म्या उगंच सगळ्यान्ला सांगत बसलो. आता मलाबी नीट आठवत न्हाई बगा."

 

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी त्यांची भाकरी कुस्करून दिली.

"आमटी वाढा जरा," ते म्हणाले.

मी वाढली.